पक्की नळी

आमच्या दुकानात ट्रायल झाल्याशिवाय कोट पक्का होत नाही. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, आधी पांढऱ्या दोऱ्याचे कच्चे टाके घालून कोट जोडायचा, अंगावर चढवून बघायचा, खडूने खुणा करायच्या, हवा तिथे उसवायचा आणि मगच मशीनखाली न्यायचा. हा बाबांचा नियम. "घाई असेल तर तयार कपड्यांच्या दुकानात जा, तिथे हँगरच्या मापाचे कोट मिळतात," असं ते भल्याभल्यांना तोंडावर सांगत आणि भलेभले मुकाट्याने ट्रायलला येत. फक्त आमचे एक जुने गिऱ्हाईक, वकीलसाहेब, येत नसत. त्यांचा राखाडी कोट कच्च्या टाक्यांवर, बिनकॉलरचा, पुतळ्याच्या अंगावर कधीचा उभा होता. त्यांना ट्रायलच्या आधी पोट कमी करायचं होतं आणि पोट काही तारीख देत नव्हतं.

बाबांना सगळे मास्तर म्हणत. दुकान आम्ही तिघं चालवायचो. बाबा कापड बेतायचे आणि कापायचे, मी मशीनवर शिवायचे, आई काजं करायची आणि बटणं लावायची. कोटाच्या कापडाला मी कात्री लावायची नाही, हे ठरलेलं होतं. शर्ट काप, पँट काप, कोट नाही. "एकदा शिलाईत हात बसू दे," असं ते माझ्या विशीत म्हणाले होते. आता माझे केस पिकायला लागले, तरी हात बसायचाच होता. यावरून आमची जुंपायची. मी तोंडाची फटकळ, ते त्याहून. आई मधे दोरा ओवत बसायची आणि म्हणायची, "भांडा, पण कापडावर थुंकी उडवू नका."

आजार आला तो खाजेच्या रूपाने. बाबा लाकडी पट्टीने पाठ खाजवायला लागले. मग पोटऱ्या, मग तळहात. आम्ही साबण बदलला, नवीन आलेल्या लोकरीच्या कापडाला दोष दिला, मलमं चोळली. जेवण कमी झालं होतं, पट्टा आतल्या भोकावर गेला होता, पण वकीलसाहेबांना जमत नाही ते आपल्याला जमलं म्हणून बाबा स्वतःवर खूश होते. दुकान आमच्याच इमारतीच्या तळघरात आहे, दिवसाही पिवळा दिवा लागतो. त्या दिव्याखाली आम्ही तिघंही पिवळेच दिसायचो.

कापडाचा खरा रंग उन्हात बघायचा असतो. त्यामुळे निवड झाली की बाबा कापडाचं थान खांद्यावर टाकून गिऱ्हाइकाला पायऱ्या चढवून रस्त्यावर नेत. असंच एका शाळामास्तरणीला त्यांनी वर नेलं, निळं कापड उलगडून उन्हात धरलं आणि विचारलं, "काय म्हणतो रंग?" ती म्हणाली, "कापडाचा ठीक आहे हो, पण तुमचा बघा." मी वर धावले. बाबांच्या डोळ्यांचे पांढरे भाग हळदीत बुडवून काढल्यासारखे झाले होते. इतके दिवस मी त्या माणसाच्या शेजारी बसून शिवत होते आणि मला ते दिसलं नव्हतं.

इस्पितळात पोटाचे फोटो काढले. डॉक्टर तरुण होती, हळू बोलायची, पण आडपडदा ठेवायची नाही. तिने कागदावर काढून दाखवलं: यकृतातून पित्त एका बारीक नळीने आतड्यात उतरतं. ती नळी स्वादुपिंडाच्या डोक्यातून जाते आणि बाबांना तिथेच गाठ झाली होती. गाठीने बाहेरून नळी दाबली, पित्त तुंबलं, रक्तात चढलं. म्हणून कावीळ, म्हणून खाज. गाठ कॅन्सरची होती.

"काढता येईल?" मी विचारलं.

"आत्ता नाही. ती एका मोठ्या रक्तवाहिनीला टेकली आहे. आधी केमो देऊ, आकसली तर ऑपरेशन करू. पण एवढ्या काविळीत केमो देता येत नाही. म्हणून पहिल्यांदा पित्ताला वाट करून द्यायची. तोंडातून दुर्बीण घालून त्या अरुंद जागेत एक प्लॅस्टिकची नळी बसवते. तात्पुरती आहे. दोन-तीन महिन्यांत ती गाळाने तुंबते, तेव्हा बदलावी लागते."

'तात्पुरती' हा शब्द ऐकून बाबांचा चेहरा पडला. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला म्हणे धातूची बसवली होती, ती पुष्कळ टिकते. मला हलकी का? मरणारच म्हणून का? ते बोलले नाहीत, पण मी काय तो चेहरा ओळखत नव्हते? मी खाटेवर बसले आणि म्हटलं, "बाबा, हा कच्चा टाका आहे. ट्रायल बाकी आहे ना, म्हणून कच्चा. मग ऑपरेशनला तो उसवायचा आणि पक्की शिलाई मारायची. ज्याचं आता काही करायचं नसतं, त्यालाच एकदम पक्कं घालतात." डॉक्टरने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. खोटं नव्हतंच ते. तेव्हा तरी नव्हतं.

बाबांना ते इतकं पटलं की त्यांनी वॉर्डभर सांगितलं. धातूच्या नळीवाल्या माणसाला सांगायचं राहिलं, तेवढं नशीब.

नळी बसली आणि आठवडाभरात खाज गेली. लघवीचा तो गडद चहासारखा रंग गेला, डोळे निवळले. आमचा जीव भांड्यात पडला. घरी आल्यावर त्यांनी फोटोची फिल्म तळघराच्या झरोक्याला धरून आम्हाला दाखवली. पोटाच्या धुक्यात एक साधी, किंचित वाकडी रेघ. "बघ, एकेरी टाका," ते म्हणाले.

केमो सुरू झाली आणि पंधरवड्याला एकदा त्यांना पिळून काढू लागली. मधल्या बऱ्या दिवसांत ते दुकानात येऊन बसत. अशाच एका दिवशी मी पुन्हा विषय काढला. "बाबा, आता तरी कोट कापायला शिकवा. नुसते बसलेलेच तर असता."

"ऑपरेशन झाल्यावर."

"आत्ता का नाही?"

"आत्ता शिकवलं तर लोक म्हणतील, मास्तर आवराआवर करायला लागले. मी काय मरायला टेकलोय होय घाईने शिकवायला? ऑपरेशन होऊ दे, अंगात ताकद येऊ दे, पाठीपासून कॉलरपर्यंत सगळा कोट शिकवतो."

आई काज करता करता थांबली आणि म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. मागे लागू नकोस." मी मशीन जोरात चालवली. राग आला की मी तेवढंच करते.

केमोचे दिवस अर्धे सरले असतील, तेव्हा एका दुपारी बाबांना हुडहुडी भरली. दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. संध्याकाळी ते भ्रमात आईला गिऱ्हाईक समजून माप सांगायला लागले, "छाती चाळीस, बाई, श्वास सोडा." डोळे पुन्हा पिवळे. नळी तुंबली होती आणि अडकलेल्या पित्तात जंतू माजले होते. आम्ही त्यांना इस्पितळात नेलं. तिथे सुया लागल्या, फोटो निघाले आणि डॉक्टरने आई आणि मला बाहेरच्या बाकावर बोलावलं.

"नळी लगेच बदलावी लागेल," ती म्हणाली. "पण आजच्या फोटोत यकृतावर ठिपके आले आहेत. आधी नव्हते. आजार पसरलाय. आता ऑपरेशनचा विचार सोडून द्यावा लागेल. म्हणून मी म्हणते, या खेपेला धातूची बसवू. ती आत गेली की उमलते, चांगली रुंद होते, लवकर तुंबत नाही. असा ताप पुन्हा आला तर ते झेलणार नाहीत. मात्र ही नंतर काढता येत नाही."

मी 'घाला' म्हणणार होते. आई मात्र एकदम म्हणाली, "प्लॅस्टिकचीच घाला."

"आई, तिने काय सांगितलं ते ऐकलंस का?"

"ऐकलं. पक्की घातली तर त्यांना कळेल. तूच शिकवून ठेवलंयस त्यांना, पक्की कोणाला घालतात ते."

हे खरं होतं आणि म्हणूनच मी भडकले. मी त्या बाकावर आईला काय वाट्टेल ते बोलले. प्लॅस्टिकची पुन्हा तुंबेल, पुन्हा हीच थंडी, पुन्हा हाच भ्रम, तुझ्या समाधानासाठी त्यांनी किती वेळा तापात जळायचं? वाटेने जाणारी माणसं बघत होती. आईने पदर नाही, पिशवीचा बंद तोंडाशी धरला आणि ती रडली. शेवटी म्हणाली, "घाला धातूची. पण त्यांना कच्चीच आहे म्हणून सांगायचं. एवढं तरी माझं ऐक."

डॉक्टर म्हणाली, "शुद्धीवर आले की खरं सांगावं असं माझं मत आहे. तुम्ही नाही सांगितलंत तर मी आपणहून जाणार नाही. पण त्यांनी मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही."

धातूची नळी बसली. ताप उतरला, बाबांना माणसं ओळखू यायला लागली. पहिला प्रश्न त्यांनी आईलाच विचारला, "कसली घातली?"

"कच्चीच," आई म्हणाली. "पहिल्यासारखीच."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी उशीचा अभ्रा सारखा करत होते. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. डॉक्टर दिवसातून दोनदा खाटेपाशी यायची, तिलाही नाही. बटणाच्या एका पाकिटासाठी दुकानदाराचं डोकं खाणारा हा माणूस, स्वतःच्या पोटात काय घातलं ते विचारत नव्हता. मला ते खटकलं नाही. मला उलट सुटल्यासारखं वाटलं.

घरी आल्यावर आईने नवी फिल्म दुकानात, कोटाच्या आत घालायच्या कॅनव्हासच्या गुंडाळीत सारून ठेवली आणि बाबांना ऑपरेशनसाठी तयार करायला घेतलं. खरोखर तयार करायला! डॉक्टरने केमो थांबवली होती, त्याचा अर्थ आईने लावला, 'अंगात ताकद येईपर्यंत.' मग ताकदीची पावडर दुधातून, अंड्याचा पांढरा भाग, सूप. सकाळ-संध्याकाळ इमारतीचे जिने. "ऑपरेशनला छाती मजबूत लागते," ती म्हणायची आणि बाबा कठड्याला धरून चढायचे. मधल्या वळणावर थांबायचे, कपाळ भिंतीला टेकायचे, पुन्हा चढायचे. त्यांची पँट मी दोनदा आत घेतली. दुकानात ते येईनासे झाले, कारण जिने चढून झाल्यावर त्यांच्यात काही उरतच नव्हतं. कितीतरी आठवडे हे चाललं होतं. आणि मी मूग गिळून बघत होते, मी, जिच्या तोंडाला गिऱ्हाइकं वचकून असतात.

एके दिवशी वरच्या वळणावर त्यांना उलटी झाली. पावडरीचं दूध पायऱ्यांवरून खाली ओघळलं. आई फडकं घेऊन वाकली आणि पुसता पुसता म्हणाली, "असू दे, असू दे. एवढं वर चढलात ना, तेवढी ऑपरेशनला ताकद."

"कसलं ऑपरेशन!" मी ओरडले. "पुरे झालं आता! नाही व्हायचं ऑपरेशन. पक्की नळी घातलीय त्यांना, यकृतापर्यंत गेलंय सगळं. आणि तू त्यांना जिने चढवतेस!"

शेजारच्यांचं दार उघडलं आणि पुन्हा लागलं. आई फडकं हातात धरून तशीच वाकून राहिली. मला माझ्या जिभेची शिसारी आली. बाबा पायरीवर बसले, तोंड पुसलं आणि म्हणाले, "ठाऊक आहे."

मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले.

"घरी आलो त्याच आठवड्यात कळलं. कॅनव्हास लागलं म्हणून गुंडाळी काढली, त्यात फिल्म. उजेडाला धरली. मागची रेघ होती, ही जाळी आहे, तिरक्या विणीची. जन्मभर कापड हाताळलं, वीण ओळखणार नाही होय मी?"

"मग रोज जिने कशाला चढत होतात?" आईने विचारलं.

"तू सांगत होतीस म्हणून."

आई तिथेच ओल्या पायरीवर बसली. मी विचारलं, "आणि मला कापायला का नाही शिकवलंत? एवढे दिवस होते, बाबा."

"कात्री तुझ्या हातात दिली असती तर हिला काय सांगितलं असतं?" ते म्हणाले. "ऑपरेशनच्या आधी शिकवणार नाही म्हणून मीच बोलून बसलो होतो. शिकवायला घेतलं असतं तर हिला कळलं असतं, की मला कळलंय."

आईने हातातलं फडकं पिळून कठड्यावर टाकलं. मग उठून त्यांच्या दंडाला धरलं. "चला. जिने पुरे. दुकानात चला."

दुसऱ्या दिवसापासून बाबांनी मला शिकवायला घेतलं. कापायच्या टेबलापाशी खुर्ची, खुर्चीत दोन उशा, उशांत बाबा. आधी जुन्या वर्तमानपत्रांवर, मग अस्तरावर, मग खऱ्या कापडावर. "कात्री उचलू नकोस, खालचं पातं टेबलावरून सरकव. उचललीस की कापड हलतं. हललं की खांदा गेला." त्यांचा आवाज बारीक झाला होता, पण शिव्या शाबूत होत्या. पाठ आली. समोरचे भाग आले. बाही बसते तो मुंढा चार वेळा चुकला आणि पाचव्यांदा आला, तेव्हा ते म्हणाले, "जेवली नाहीस वाटतं आज, डोकं चालतंय." बाहीला जास्त दिवस गेले, कारण आता ते अर्धा दिवस झोपायचे. दुखण्यावरची औषधं वाढली होती. एखादं वाक्य सांगता सांगता डोळे मिटायचे आणि आम्ही मशीन बंद करून वाट बघायचो. आई काजाची सुई हातात धरून त्यांच्या श्वासाकडे कान लावायची.

मी कधीकधी त्या जिन्यावरच्या आठवड्यांचा विचार करायचे आणि मला कोणावर ओरडू ते कळायचं नाही. आईवर? बाबांवर? पहिल्या दिवशी कच्च्या टाक्याची हुशारी मारणाऱ्या स्वतःवर?

राहता राहिली कॉलर. "ही कागदावर येत नाही," बाबा म्हणाले. "मानेवर बसवायची असते. प्रत्येक मान वेगळी. मागे कुठे ओढायचं, कुठे सैल सोडायचं, ते बोटांना कळतं. जिवंत मान हवी." मी वकीलसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, पुढच्या आठवड्यात नक्की येतो, वजन उतरायला लागलंय. मी फोन आपटला.

"माझीच मान घे," बाबा म्हणाले.

त्यांचा जुना कोट त्यांच्याच खांद्यांवर घातला. त्यात आता दोन बाबा मावले असते. मी कॉलरची पट्टी मागे लावली, पांढरा दोरा ओवला आणि मधोमध पहिला कच्चा टाका घातला. ते बोटाने मागे चाचपून म्हणाले, "इथे थोडी ताण. नाही, एवढी नाही." मी ताणली. त्यांनी मान पुढे वाकवली. त्या मानेच्या दोन शिरा आणि मधला खळगा माझ्या डोळ्यांसमोर होता आणि माझ्याच्याने दुसरा टाका नीट पडेना. "उद्या," ते म्हणाले. "उद्या करू. आज मान दमली."

दुसऱ्या दिवशी ते खाटेवरून उठलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी खुर्चीत बसवलं, पण काय बोलतात ते समजेना. त्यानंतर खाट सुटली नाही. नळी शेवटपर्यंत तुंबली नाही, हे डॉक्टरचं खरं ठरलं. ताप नाही, खाज नाही, कावीळ नाही. गेले त्या सकाळी आईने खिडकी उघडली तेव्हा उन्हात त्यांचा चेहरा अगदी स्वच्छ दिसला. रंगात काही खोट नव्हती.

वकीलसाहेब भेटायला आले ते दुकान पुन्हा उघडल्यावर. पोट जिथल्या तिथे होतं. त्यांनी मास्तरांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं आणि ओशाळून म्हणाले, "ट्रायल द्यायची राहिली माझी."

"द्या की," मी म्हटलं.

राखाडी कोट मी त्यांच्या अंगावर चढवला. समोरून छान पडला. बाबांनीच कापलेला, पडणारच. मी कॉलर बेतून ठेवली होती, ती मागून कच्च्या टाक्यांवर लावली. चार पावलं मागे सरून बघितलं. कॉलर मानेपासून बोटभर सुटून उभी होती. मी एका बाजूने ताणली, दुसरीकडे चुणी आली. ती काढली, पुन्हा सुटली. डोळे मिटून बाबांचं बोट आठवायचा प्रयत्न केला. 'इथे थोडी ताण. नाही, एवढी नाही.' एवढी नाही, मग किती?

वकीलसाहेब आरशात बघून म्हणाले, "उत्तम बसलाय. करून टाका पक्का."

कोपऱ्यात आई काज करत होती. तिने मान वर केली नाही, पण तिची सुई थांबली होती.

"बसलेला नाही," मी म्हटलं. "काढा तो."

पांढऱ्या दोऱ्याचं टोक धरून ओढलं. कच्चीच होती, एका ओढीत कॉलर माझ्या हातात आली.